मॉडेल आणि मोजमाप पुस्तक

दक्षिण अटलांटिक महासागरातल्या फॉकलंड बेटांवर ब्रिटिश संरक्षण खात्यासाठी एक वीज केंद्र उभारले जात होते. कंत्राटदार होती ट्रँट इंजिनिअरिंग आणि आराखडे करणारी सल्लागार कंपनी होती मॉट मॅक्डॉनल्ड. प्रकल्पाची सगळी माहिती एका सामाईक संगणकीय साठ्यात होती. साठा सल्लागाराच्या ताब्यात होता आणि बाकीचे पासवर्ड वापरून आत जात. पैशांवरून वाद पेटला, सल्लागाराने पासवर्ड बंद केले आणि ज्या आराखड्यांवर काम करायचे तेच कंत्राटदाराला दिसेनासे झाले. २०१७ मध्ये प्रकरण लंडनच्या न्यायालयात गेले. कंत्राटदाराने ४ लाख ७५ हजार पौंड न्यायालयात भरावेत आणि सल्लागाराने प्रवेश पुन्हा खुला करावा, असा अंतरिम आदेश झाला. या सगळ्यात सॉफ्टवेअर कुठेही बिघडले नव्हते. बिघडले होते ते माणसांमधले देणेघेणे. बांधकामातल्या डिजिटल तंत्रज्ञानाबद्दल विद्यापीठांची समज एक आणि साइटवरची दुसरी, ही तक्रार जगभर ऐकू येते. तिच्यावरचा उपायही ठरलेला असतो: प्राध्यापक पुढे आहेत, उद्योग मागे आहे, तेव्हा उद्योगाला प्रशिक्षण द्या. मला हे निदान चुकीचे वाटते. तंत्र दोघांनाही पुरेसे कळलेले आहे. कोण कुणाला कशाचे पैसे देतो आणि चूक झाली तर कोण भरतो, ही जागा मात्र दोघांच्याही नजरेतून सुटते, आणि या दोन जगांचा सांधा जुळायचा असेल तर तो तिथेच जुळेल.

आधी तंत्र समजून घेऊ. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठातले चार्ल्स ईस्टमन यांनी १९७५ मध्ये एक विचार मांडला. इमारतीचा प्लॅन, सेक्शन आणि एलिव्हेशन ही तीन वेगळी चित्रे असतात. खिडकी एक फूट सरकवली की ती तिन्ही ठिकाणी सरकवावी लागते आणि एखाद्या ठिकाणी राहूनच जाते. त्याऐवजी संगणकात इमारतीचे एकच वर्णन ठेवावे आणि हवी ती चित्रे त्यातून काढावीत, असे त्यांचे म्हणणे होते. ते बाजारात रुजायला पाव शतक लागले. आज सर्वत्र वापरले जाणारे रेव्हिट हे सॉफ्टवेअर २००० साली आले. या पद्धतीला बिल्डिंग इन्फर्मेशन मॉडेलिंग किंवा बीआयएम म्हणतात. तिच्यात भिंत म्हणजे दोन समांतर रेषा नसतात. ती कशाची, किती जाड, कोणत्या मजल्यावर, हे तिच्यासोबतच नोंदलेले असते. त्यामुळे एसीचा डक्ट बीममधून जातो आहे हे पडद्यावरच कळते. एरवी ते कळते स्लॅब पडल्यावर, आणि मग कोअर कटिंग, स्ट्रक्चरल सल्लागाराची परवानगी, पत्रापत्री आणि कामाचा खोळंबा. मॉडेलला वेळापत्रक जोडले की त्याला फोर-डी म्हणतात, खर्च जोडला की फाइव्ह-डी. वेळापत्रक जोडण्याची कल्पना प्रत्यक्षात आणण्यात स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधन केंद्राचा मोठा वाटा आहे. हे केंद्र १९८८ मध्ये उद्योगांना सदस्य करून घेऊनच सुरू झाले. तिथल्या मार्टिन फिशर यांच्या गटाने लॉस एंजेलिसच्या वॉल्ट डिस्ने कॉन्सर्ट हॉलच्या कंत्राटदाराबरोबर बसून तसे मॉडेल चालवून दाखवले. म्हणजे दोन जगे एकत्र येऊ शकतात, आणि आली तेव्हा काम झाले आहे.

तरीही एकूण हिशेब निराशाजनक आहे. शिकागो विद्यापीठाचे ऑस्टन गुल्सबी आणि चॅड सिव्हरसन यांनी २०२३ मध्ये अमेरिकेची सरकारी आकडेवारी तपासली. बांधकाम क्षेत्रात दर कामगारामागे होणारे मूल्यवर्धन २०२० मध्ये १९७० च्या तुलनेत सुमारे ४० टक्क्यांनी कमी भरले. मोजण्यातच चूक असेल ही शंका त्यांनीही घेतली होती. पण दर कामगारामागे किती घरे उभी राहिली असे प्रत्यक्ष मोजले तरी चित्र सुधारत नाही. मॅकिन्झीच्या २०१७ च्या अहवालानुसार जगभरात बांधकामाची उत्पादकता आधीच्या दोन दशकांत वर्षाला सरासरी १ टक्क्याने वाढली, तर कारखानदारीची ३.६ टक्क्यांनी. याच काळात बांधकामात संगणक शिरला होता. ब्रिटन सरकारने २०११ मध्ये जाहीर केले की २०१६ पासून केंद्र सरकारच्या प्रकल्पांवर बीआयएम सक्तीचे राहील. तिथल्या एनबीएस संस्थेच्या पाहणीत २०११ मध्ये १३ टक्के लोक ही पद्धत वापरतो असे म्हणत होते. २०२० मध्ये ते प्रमाण ७३ टक्के झाले. प्रसार झाला यात वाद नाही. पण एखादे साधन किती जणांच्या टेबलावर आहे ही मोजणी आणि त्यामुळे काम किती सुधारले ही मोजणी यांत मोठे अंतर आहे. उद्योगाने पहिली मोजणी पुरेशी मानली, कारण ती सोपी आहे आणि निविदेच्या कागदपत्रांत दाखवता येते.

लंडनच्या क्रॉसरेल प्रकल्पात हे अंतर उघडे पडले. लंडनच्या पोटातून ४२ किलोमीटरचे नवे बोगदे खोदून शहराची दोन टोके जोडणारा हा रेल्वेमार्ग बीआयएमचा आदर्श म्हणून मिरवला जात होता. प्रत्यक्ष रेल्वेसोबत तिची संपूर्ण डिजिटल प्रतिकृतीही मालकाला मिळणार, असे सांगितले जाई, आणि ठेकेदारांना ही पद्धत शिकवण्यासाठी २०१२ मध्ये खास अकादमीही सुरू झाली होती. मार्ग डिसेंबर २०१८ मध्ये सुरू व्हायचा होता. तो २४ मे २०२२ रोजी सुरू झाला, आणि १४.८ अब्ज पौंडांचा खर्च १९ अब्जांच्या जवळ गेला. ब्रिटनच्या नॅशनल ऑडिट ऑफिसने मे २०१९ च्या अहवालात कारणे दिली आहेत. काम ३६ मुख्य कंत्राटांत विभागले होते. एका कंत्राटाचा उशीर दुसऱ्यावर आदळला की त्याची जोखीम मालक कंपनीच्या गळ्यात पडे, आणि प्रगती ताडून पाहता येईल इतकी तपशीलवार, सगळी कामे एकत्र पाहणारी योजनाच नव्हती. म्हणजे वस्तूंची माहिती एका छताखाली आणि जबाबदाऱ्या ३६ छतांखाली. मॉडेलमुळे क्रॉसरेल अडले असे कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. मॉडेलला जे जोडता आले नाही ते कंत्राटांनी आधीच तोडलेले होते, एवढेच त्यातून दिसते.

ही गोष्ट विद्यापीठांतल्या काही अभ्यासकांना त्यापूर्वीच दिसली होती, हे इथे आवर्जून सांगायला हवे. वॉशिंग्टन विद्यापीठातल्या कॅरी डॉसिक आणि जिना नेफ यांनी अमेरिकेतल्या मोठ्या इमारतींच्या समन्वय बैठकांमध्ये बसून निरीक्षणे केली. २०१० च्या लेखात त्यांनी लिहिले की बीआयएममुळे प्लंबिंग, इलेक्ट्रिकल, स्ट्रक्चर या कामांचे परस्परसंबंध पडद्यावर स्पष्ट दिसू लागले, पण त्यामुळे कंपन्या एकमेकींच्या जवळ आल्या नाहीत. कारण बैठकीतल्या प्रत्येक माणसावर तीन बंधने असतात: स्वतःच्या कामाच्या व्याप्तीचे, प्रकल्पाचे आणि पगार देणाऱ्या कंपनीचे. पाइप सरकवला तर प्रकल्पाचे भले होते, पण सरकवण्याचा खर्च माझ्या कंपनीवर पडतो, अशा वेळी माणूस गप्प बसतो. पुढच्याच वर्षी त्यांनी आणखी एक निरीक्षण मांडले. अडलेले प्रश्न सुटतात ते बहुधा विषयपत्रिकेबाहेरच्या, अघळपघळ, कागदावर रेघोट्या ओढत चाललेल्या बोलण्यात. चकचकीत मॉडेल पडद्यावर लावले की लोक ते पाहत बसतात आणि असे बोलणे आटते. ब्रिटनमध्ये क्रिस हार्टी आणि जेनिफर व्हाइट यांनी एका रुग्णालयाच्या प्रकल्पात पाहिले की डिझाइन करणारे लोक डिजिटल मॉडेल आणि कागद दोन्ही मिसळून वापरतात. कागद उरला म्हणजे लोक मागासलेले, असा अर्थ त्यांनी काढला नाही. काम पुढे नेण्याची ती समंजस रीत आहे, असे त्यांना दिसले. बांधकाम कंपनीच्या कुठल्याही संचालकाने हे तीन लेख वाचावेत, इतके ते उपयोगाचे आहेत. पण ते संशोधनपत्रिकांत, अभ्यासकांच्या भाषेत अडकले आहेत.

विद्यापीठांचा दोष एवढ्यावर थांबत नाही. बीआयएमवरच्या संशोधनाचा मोठा भाग ‘स्वीकारातले अडथळे’ शोधणाऱ्या प्रश्नावल्यांचा आहे. व्यावसायिकांना पर्याय द्यायचे, त्यांनी खुणा करायच्या, आणि निष्कर्ष ठरलेला: जागृती कमी, खर्च जास्त, वरिष्ठांचा पाठिंबा नाही. यातून उद्योगाला त्याच्या पैशाच्या वाटांबद्दल नवे काही कळत नाही, आणि अभ्यासकालाही नाही. पैशाच्या वाटा किती निर्णायक असतात, याचा पुरावा मात्र जुनाच आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेने, म्हणजे एनआयएसटीने, २००४ मध्ये अंदाज दिला की मोठ्या इमारती आणि कारखान्यांच्या क्षेत्रात एका संगणक प्रणालीतली माहिती दुसरीत नीट न जाण्यामुळे वर्षाला १५.८ अब्ज डॉलर वाया जातात, आणि त्यातला सुमारे दोन तृतीयांश भुर्दंड मालक आणि इमारत चालवणारे सोसतात. मॉडेल बनवण्याचे कष्ट मात्र आर्किटेक्ट आणि कंत्राटदाराचे. आर्किटेक्ट पॅट्रिक मॅकलीमी यांची प्रसिद्ध वक्ररेषा हेच वेगळ्या बाजूने सांगते: निर्णय लवकर घेतले तर बदल स्वस्तात होतात, म्हणून मेहनत सुरुवातीला ओतावी. पण फी टप्प्याटप्प्याने मिळते आणि सुरुवातीचा टप्पा सगळ्यात लहान असतो. एकाने राबायचे आणि फायदा दुसऱ्याला, अशी रचना असताना कोणते प्रशिक्षण पुरे पडेल? कॅलिफोर्नियातल्या कॅस्ट्रो व्हॅली इथे सटर हेल्थ या संस्थेने रुग्णालय बांधताना रचनाच बदलली. मालक, आर्किटेक्ट, कंत्राटदार, मुख्य उपकंत्राटदार अशा ११ पक्षांनी एकाच करारावर सह्या केल्या आणि आपला नफा सामाईक यशापयशाशी बांधला. सुमारे ३२ कोटी डॉलरचे हे रुग्णालय २०१२ च्या अखेरीस ठरल्या मुदतीत आणि ठरल्या खर्चात उभे राहिले. एका उदाहरणावरून नियम ठरत नाही, शिवाय इथला मालकही असाधारण जागरूक होता. पण तेच सॉफ्टवेअर इतर ठिकाणीही होते. वेगळा होता तो करार.

आता आपल्याकडे येऊ. भारतात शेतीनंतर सर्वाधिक रोजगार देणाऱ्या क्षेत्रांत बांधकाम येते, आणि सरकारी कामांत पैसा चालतो तो मोजमाप पुस्तकावर. साइटवर त्याला सगळे ‘एमबी’ म्हणतात. पाने क्रमांकित, नोंद शाईने, खाडाखोड निषिद्ध; शाखा अभियंता मोजतो, वरचा अभियंता पडताळतो, आणि त्यावरून ठेकेदाराचे चालू बिल निघते. हे पुस्तक न्यायालयात पुरावा म्हणून चालते. त्यातली मोजणी होते भारतीय मानक आयएस १२०० च्या नियमांनी. प्लॅस्टरचा नियम पाहा. अर्ध्या चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट करायची नाही. त्यापुढे ३ चौरस मीटरपर्यंतच्या दारा-खिडकीची वजावट भिंतीच्या एकाच बाजूची करायची. दुसरी बाजू सोडून द्यायची, कारण दाराच्या आतल्या कडांना प्लॅस्टर करावे लागते त्याचा मोबदला त्यात धरलेला असतो. ०.९ मीटर रुंद आणि २.१ मीटर उंच दार १.८९ चौरस मीटरचे. मॉडेल भूमितीने चालते, म्हणून ते दोन्ही बाजूंचे मिळून ३.७८ वजा करते आणि कडांचे प्लॅस्टर कुणी खास दाखवले नसेल तर मोजतही नाही. एमबी १.८९ च वजा करते. शंभर दारांच्या इमारतीत हा फरक १८९ चौरस मीटरवर जातो. ठेकेदार म्हणणार संगणक माझे पैसे कापतो, अभियंता म्हणणार मला पुस्तक बांधील आहे, आणि मॉडेल कपाटात जाणार. इथे मॉडेल खोटे नाही आणि नियमही वेडगळ नाही. रोजची हुज्जत टाळण्यासाठी पिढ्यांनी केलेली ती तडजोड आहे. बीआयएम शिकवणाऱ्या किती वर्गांत आयएस १२०० मॉडेलशी ताडून दाखवले जाते? आणि बिलाच्या टेबलावर बसणाऱ्या किती अनुभवी माणसांना कुठल्या संशोधकाने विचारले आहे, की मॉडेलमधले कोणते प्रमाण तुम्ही मान्य कराल आणि का? ज्ञान दोन्हीकडे आहे. बार बेंडिंगचे वेळापत्रक, स्टीलची घट, शटरिंगचे क्षेत्र, प्रत्येक बाबीत असाच एक सांधा आहे, आणि तो एकत्र बसून बसवला नाही तर फाइव्ह-डी मधले खर्चाचे परिमाण नुसते सादरीकरणापुरते उरते.

हे बदलायला जागा आहे, ही समाधानाची बाब. केंद्रीय अर्थ मंत्रालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये सार्वजनिक खरेदी आणि प्रकल्प व्यवस्थापनासाठी नवे निर्देश काढले. सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम, या जुन्या रीतीला पर्याय म्हणून ठरावीक कामांत गुणवत्ता आणि दर यांचा एकत्रित विचार करण्याची मुभा त्यांत आहे. चालू बिलाची किमान ७५ टक्के रक्कम दहा कामकाजाच्या दिवसांत द्यावी असे त्यांत म्हटले आहे, आणि इलेक्ट्रॉनिक मोजमाप पुस्तकाची शिफारसही आहे. मला यातली शेवटची बाब सगळ्यात महत्त्वाची वाटते. इलेक्ट्रॉनिक एमबी म्हणजे जुना तक्ता पडद्यावर भरणे एवढेच राहिले तर फक्त शाई वाचेल. तीच नोंद मॉडेलमधल्या त्या-त्या भिंतीला, त्या-त्या कॉलमला जोडली गेली, आयएस १२०० च्या नियमासकट, तर ठेकेदाराला मॉडेल अचूक ठेवण्यात प्रथमच स्वतःचा फायदा दिसेल, कारण बिल त्यावर लवकर निघेल. नागपूर मेट्रोने या दिशेला एक मोठे पाऊल आधीच टाकले आहे. सुमारे ४० किलोमीटरच्या या प्रकल्पात त्याची मालक कंपनी महामेट्रो हिने फाइव्ह-डी बीआयएम स्वीकारले. त्यातली मोलाची गोष्ट म्हणजे हा निर्णय मालकाचा होता, आणि मॉडेल, वेळापत्रक व खर्च एका व्यवस्थेत बांधण्याचा होता. पहिला मार्ग मार्च २०१९ मध्ये सुरू झाला आणि पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये पूर्ण झाला. त्याच शहरात विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्था आहे. मॉडेलने दिलेली प्रमाणे आणि प्रत्यक्ष मंजूर झालेली बिले कुठे जुळली आणि कुठे नाहीत, हा अभ्यास जगातल्या कुठल्याही विद्यापीठाने हेवा करावा असा आहे, आणि तो घरापाशी आहे.

यावर आक्षेप येतील, आणि ते वजनदार आहेत. पहिला असा की आपल्याकडचे बहुतेक काम लहान ठेकेदार करतात. मुकादम आणि सेंटरिंगवाल्याला मॉडेल काय कामाचे? पण आज त्याच मुकादमाच्या मोबाइलवर ड्रॉइंगचे फोटो येतात आणि त्यातला जुना कोणता, सुधारित कोणता, हे न कळल्याने तोडफोड होते. त्याला मॉडेल चालवायचे नाही. त्याला आजचे, खात्रीचे ड्रॉइंग आणि वेळेवर मजुरी हवी, आणि मॉडेलचा भार उचलायचा तो मालकाने, कारण एनआयएसटीच्या अंदाजाप्रमाणे वाचणाऱ्या पैशातला मोठा वाटाही त्याचाच. दुसरा आक्षेप असा की वेळ जाऊ द्या, नवी पिढी येईल आणि सगळे आपोआप जुळेल. आर्थिक इतिहासकार पॉल डेव्हिड यांनी १९९० मध्ये विजेचा दाखला दिला होता: वीज केंद्रे १८८२ मध्ये सुरू झाली, पण कारखान्यांची उत्पादकता उसळली ती १९२० च्या दशकात. हा दाखला धीर देतो, पण आपोआपचे समर्थन करत नाही. वाफेच्या इंजिनाच्या जागी मोटर बसवून जुने दांडे आणि पट्टे तसेच ठेवणाऱ्यांना फारसे मिळाले नाही. प्रत्येक यंत्राला स्वतंत्र मोटर देऊन कारखान्याची मांडणीच नव्याने केली तेव्हा फरक पडला. ती चाळीस वर्षे नुसती वाट पाहण्यात गेली असती तर आणखी चाळीस लागली असती. तिसरा आक्षेप प्राध्यापकांकडून येतो, आणि त्याच्याबद्दल मला आदर आहे: विद्यापीठाने उद्योगाच्या तातडीच्या गरजांमागे धावू नये. ईस्टमन यांनी बाजाराची मागणी पाहून काम केले असते तर १९७५ चा लेख लिहिलाच गेला नसता, हे खरे. पण करार, मोजणी आणि जबाबदारी यांचा अभ्यास म्हणजे उद्योगाची चाकरी नव्हे. डॉसिक आणि नेफ यांनी तो केला तो एक मूलभूत प्रश्न म्हणूनच, आणि त्यासाठी त्यांना बैठकीच्या खोलीत जावे लागले.

त्या खोलीचे दार उघडणे उद्योगाच्या, विशेषतः सार्वजनिक मालकांच्या हातात आहे. क्रॉसरेलने अपयशाआधीच, २०१६ पासून, आपल्या कामातून शिकलेल्या गोष्टी, तांत्रिक टिपणे आणि नमुने सर्वांसाठी खुले करायला सुरुवात केली होती. आपल्याकडेही हे शक्य आहे. सार्वजनिक पैशांतून बांधलेल्या मोठ्या प्रकल्पाच्या निविदेतच एक कलम असावे: काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीत मॉडेल, मंजूर मोजमापे, बदलांचे आदेश आणि त्यांची कारणे, सुरक्षेला बाधा येणारा भाग वगळून, अभ्यासासाठी खुली होतील. मॉडेलची मालकी कुणाची, वाद झाला तरी ते कुणालाही बंद करता येणार नाही, आणि ते अद्ययावत ठेवण्याचे पैसे कोणत्या बाबीखाली मिळतील, हेही त्याच निविदेत लिहिले जावे. भारतात १९८३ मध्ये बांधकाम उद्योगाच्याच पुढाकाराने एनआयसीएमएआर ही शिक्षणसंस्था उभी राहिली, म्हणजे उद्योगाने ज्ञानासाठी पदरचे घालण्याची परंपरा इथे आहे. विद्यापीठांनी आपल्या बाजूने एवढे करावे, की बांधकाम व्यवस्थापनाच्या संशोधकाला पदवी देण्यापूर्वी त्याने किमान काही महिने एखाद्या कार्यकारी अभियंत्याच्या कचेरीत बिले तपासण्याच्या टेबलावर काढलेले असावेत, आणि त्या टेबलावरच्या माणसाला परीक्षकांत जागा असावी.